उडत्या पक्ष्यांचे फोटो शार्प येतच नाहीत, सुरुवात कशी करू?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. बसलेल्या पक्ष्यांचे फोटो आता बऱ्यापैकी जमायला लागलेत पण पक्षी उडाला की सगळं बिघडतं. एकतर फ्रेममध्ये नुसतं आभाळ, नाहीतर एका कोपऱ्यात शेपटीचं टोक, आणि पूर्ण पक्षी आलाच तर तो पुसट. कॅमेरा एन्ट्री लेव्हल डीएसएलआर, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान), लेन्स ७०-३०० एमएम. शटर १/५०० ठेवते, फोकस वन शॉट, मधला पॉइंट. व्हिडिओ बघावेत तर प्रत्येकाचं सेटिंग वेगळं आणि शेवटी सगळे ६०० एमएमवर येऊन थांबतात, ती लेन्स आत्ता घेणं शक्य नाही. आहे त्याच सामानात काय जमू शकेल आणि आधी कशावर मेहनत घ्यायची ते सांगाल का? घारी, बगळे, पारवे रोज दिसतात. पाकोळ्याही भरपूर आहेत, पण कॅमेरा वर करेपर्यंत त्या गायब.

पाणथळ:
लेन्स पुरेशी आहे, तिची काळजी सोडा. क्रॉप सेन्सरवर ३०० एमएम म्हणजे फुल फ्रेमच्या ४५० च्या आसपासचा व्ह्यू मिळतो, बगळा किंवा घार जरा जवळून गेली की फ्रेम भरते.

दोन गोष्टी आजच बदला. पहिली फोकस मोड. वन शॉटमध्ये फोकस एकदा लॉक झाला की तिथेच अडकतो आणि तेवढ्यात पक्षी पुढे निघून गेलेला असतो, त्यामुळे कॅननवर एआय सर्वो, निकॉन किंवा सोनीवर एएफ-सी, म्हणजे सतत फोकस करत राहणारा मोड. आणि शटर बटण अर्धं दाबून धरायचं, सोडायचं नाही, मध्ये सोडलं की कॅमेरा पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागतो. दुसरी गोष्ट शटर. ताशी ३६ किमीने उडणारा पक्षी सेकंदाला १० मीटर जातो, म्हणजे १/५०० मध्ये २ सेंटीमीटर सरकला. तुम्ही कॅमेरा त्याच्यासोबत बरोबर फिरवलात तर अंगाचा ब्लर जातो पण पंख वरखाली होतच असतात, त्यांना थांबवायला वेगच लागतो. मोठ्या पक्ष्यांना १/१६०० ते १/२०००, पारव्याएवढ्यांना १/२५०० च्या पुढे. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ५.६ आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा ३२०० ठेवा. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, हललेला फोटो सुधारत नाही.

आयएसओ वाढेल म्हणून घाबरू नका. लख्ख उन्हात एफ १६ ला शटर साधारण १/आयएसओ इतकं येतं हा जुना हिशोब आहे, त्यावरून एफ ५.६ आणि आयएसओ ४०० ला १/३२०० मिळतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात एक-दोन स्टॉप कमी धरा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा).

वाऱ्याकडे_तोंड:
वरचं सगळं बरोबर आहे पण माझ्या मते सेटिंग हा यातला सोपा भाग, एका संध्याकाळी लावून होतात. फोटो ठरतो तो तुम्ही कुठे उभे आहात आणि पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये धरून ठेवता येतोय का यावर, आणि ते शिकायला वेळ द्यावा लागतो, म्हणून आधी मेहनत तिथे घ्या.

पक्षी उडताना आणि उतरताना शक्यतो वाऱ्याकडे तोंड करतात. विमानाचंही तेच, समोरून वारा मिळाला की कमी वेगात उचल मिळते. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर उतरणारा बगळा तुमच्याकडे तोंड करून येईल, शिवाय जमिनीच्या हिशोबाने सावकाश येईल कारण वारा त्याला अडवतोय. त्यात ऊनही पाठीमागून असेल तर डोळ्यात चमक आणि पंखांच्या खालच्या बाजूलाही उजेड. गेल्या गेल्या आधी गवताचं पातं कुठे झुकतंय ते बघायचं आणि मग जागा ठरवायची. वारा आणि ऊन समोरासमोर असतील तर उडणारे फोटो सोडून दुसरं काहीतरी करावं, मी तरी तेच करते.

मग उडण्याआधीच्या खुणा. बगळा बसल्या जागी अंग पुढे झुकवतो, गुडघे वाकवतो, मान थोडी लांब करतो, आणि पुढच्या क्षणी हवेत. घार आणि इतर शिकारी पक्षी बऱ्याचदा उडायच्या आधी शिटतात, ते दिसलं की बोट शटरवर. पाणकावळा तर पाण्यावर पाय आपटत बराच पळतो आणि मग उचलतो, सरावाला इतका चांगला पक्षी नाही, पळायला लागला की तो कुठल्या दिशेने जाणार हे आधीच कळतं.

फ्रेममध्ये नुसतं आभाळ येतं म्हणालात त्याबद्दल. नजर पक्ष्यावरून हलवायची नाही, कॅमेरा डोळ्याकडे आणायचा. खाली कॅमेऱ्याकडे बघून परत वर शोधायला लागलात की पक्षी हरवला. झूम आधी १०० च्या आसपास ठेवा, पक्षी सापडला की मग ३०० कडे न्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पक्षी येईल तितक्याच अंतरावरच्या एखाद्या फांदीवर आधी फोकस करून ठेवा. ३०० ला लेन्स जवळ कुठेतरी फोकस होऊन बसली असेल तर लांबचा पक्षी इतका विरघळतो की समोर असून दिसतच नाही, माणसाला वाटतं नेम चुकला.

उभं राहताना पाय पक्षी जाणार त्या दिशेला, कोपरं छातीशी, आणि वळायचं ते कमरेतून. हात ताणून नुसता कॅमेरा फिरवला की झटके बसतात. फोटो काढून झाल्यावरही दोन क्षण फिरवत राहा, बरेच जण शटर दाबताना थांबतात आणि पक्षी फ्रेमच्या पुढच्या कडेला जाऊन कापला जातो.

सावळी_घार:
+१, वाऱ्याचं अगदी खरं. फक्त फोकस पॉइंटबद्दल कोणी बोललं नाही, तुम्ही ठेवता तसा मधला एकच पॉइंट सगळीकडे चालत नाही. मोकळ्या आभाळात सगळे पॉइंट चालू ठेवा, मागे धरायला दुसरं काही नसतं त्यामुळे कॅमेरा पक्ष्यालाच पकडतो, तुमचा हात जरा हलला तरी बाजूचा पॉइंट सांभाळून घेतो. मागे झाडं किंवा गवत आलं की मात्र मधल्या पॉइंटवर या, नाहीतर फोकस सरळ झाडावर जाऊन बसेल. एन्ट्री लेव्हल बॉडीत मधला पॉइंटच सगळ्यात भरवशाचा असतो. आणि मागच्या स्क्रीनवर बघून उडते पक्षी काढू नका, डीएसएलआरचा लाइव्ह व्ह्यू फोकस त्या कामाला फार हळू पडतो.

बर्स्ट (एकामागून एक सलग फोटो) चालू ठेवा पण बोट दाबून बसू नका, रॉ (प्रक्रिया न केलेली मोठी फाइल) मध्ये बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, पटकन भरतो आणि नेमक्या क्षणी कॅमेरा गप्प. तीन-चार फ्रेमचे छोटे बर्स्ट. पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असताना ते दिशा बदलत असतात, तेवढा क्षण त्यांचा वेग कमी असतो, शार्प फ्रेम बहुतेक तीच निघते. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला होता, सेकंदाला १२ फोटो, पक्षी पंख नेमके कसे हलवतात हे बघण्यासाठी. ती चित्रं जरूर शोधून बघा, पंख कुठल्या क्षणी कसा वळतो ते नजरेत बसलं की कधी दाबायचं ते आपोआप कळायला लागतं.

पाऊलवाट:
खूप खूप धन्यवाद, इतकं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. आज एआय सर्वो आणि १/२००० लावून घारी काढल्या, फरक लगेच कळला, दोन फ्रेममध्ये पिसांच्या रेषा दिसतायत! पण घार पूर्ण काळी येतेय, डोळा दिसतच नाही. आणि बगळा काढला तर उलट, पांढरा डाग नुसता. ऑटो आयएसओमुळे होतंय का हे?

पाणथळ:
मीटरमुळे (कॅमेऱ्याचं उजेड मोजणं) होतंय. फ्रेमभर उजळ आभाळ असलं की कॅमेऱ्याला वाटतं सगळंच उजळ आहे, तो अंधार करतो आणि घार काळी पडते. बगळ्यामागे गर्द झाडी असली की उलटं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायचं सेटिंग) आभाळासमोर +१, ढगाळ पांढऱ्या आभाळाला +१.५ पर्यंत, झाडीसमोरच्या बगळ्याला -१ करून बघा.

सावळी_घार:
हे करता येईल, पण काही एन्ट्री लेव्हल बॉडीत मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ एकत्र असताना कॉम्पेन्सेशन लागतच नाही, तुमच्यात लागतं का बघा. मी तर ऊन स्थिर असेल तर पूर्ण मॅन्युअल करतो, आयएसओसुद्धा. पक्ष्यावर पडणारं ऊन तेच आहे, तो आभाळासमोरून झाडीसमोर गेला म्हणून बदलत नाही, मग एक्स्पोजर कशाला बदलू द्यायचं? उन्हातल्या हिरव्या गवतावर मीटर करायचं, तेच आकडे कायम ठेवायचे. बगळ्यांसाठी त्यातून एक स्टॉप कमी, म्हणजे पांढऱ्या पिसांमधला तपशील जळत नाही. ढग येत-जात असतील तर मात्र ऑटो आयएसओच बरा.

वाऱ्याकडे_तोंड:
मी सावळी_घारच्या बाजूने. स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप कमी करणारी सोय) १/२००० ला बंद केलंत तरी चालतं.

एक विनंती, उडताना फोटो हवा म्हणून बसलेल्या पक्ष्याला टाळी वाजवून किंवा जवळ जाऊन उठवू नका. तो पाठ फिरवूनच उडतो त्यामुळे फोटोही वाईट येतो, आणि त्याची खायची, विसाव्याची वेळ मोडते. घरट्याजवळ तर थांबायचंच नाही.

पाकोळ्यांबद्दल कोणी बोललं नाही. त्या पाठलाग करून मिळत नाहीत पण पाणी प्यायला त्या उडता उडताच खाली येतात, आणि पुन्हा पुन्हा जवळपास त्याच रेषेत. नुसतं बघत बसा, रेषा लक्षात आली की त्या जागेवर फोकस करून एएफ (ऑटोफोकस) बंद करा, एफ ८, शटर १/४००० मिळेल इतकं ऊन असताना. १५ मीटरवर ३०० एमएमला तुम्हाला पाऊण-एक मीटर जाडीचा शार्प पट्टा मिळतो, पाकोळी त्यात शिरायच्या जरा आधीच बर्स्ट सुरू करायचा. पण आधी बगळे पक्के करा, पंख सावकाश मारतात आणि सरळ रेषेत जातात.