काळी माती, दोन मजले: फुटिंगखाली वाळू चालेल का?

बावडेकर:
कसबा बावड्यात (कोल्हापूर) तळमजला अधिक एक बांधायचंय. खड्डा घेतला: साडेसहा फूट काळी माती, खाली मुरूम. उन्हाच्या भेगेत टेप दोन फूट उतरली. मिस्त्री म्हणतो, चार फुटांवर फुटिंग (पायाची रुंद बैठक), खाली फूटभर वाळू, मग माती फुगली तरी वाळू सोसते. खरंय?

ओळंबा:
अजिबात नको. वाळूखाली दीड फूट काळी उरतेच. वाळूत पाणी झटकन शिरतं, भोवतालच्या काळीतून ते बाहेर पडत नाही. पायाखाली हौद बांधल्यासारखंच झालं, आणि उरलेली काळी त्याच पाण्याने फुगते. साडेसहाला मुरूम लागतोय राव, काळी सगळी काढा आणि मुरमात फूटभर आत बसा. मुरूम पंधरा फुटांखाली असता तर अंडररीम पाइल (खाली बल्बसारखा फुगवटा असलेला, जमिनीत खोल ओतलेला खांब) म्हटलं असतं (दांडा 300 मिमी, बल्ब 750, लांबी निदान 3.5 मीटर).
आणि उकरलेली काळी जोत्यात भरायला देऊ नका. गाडीभाडं वाचतं म्हणून हमखास भरतात, मग दोन पावसाळ्यांत फरशी उचलते. मुरूमच भरा, सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून धुम्मस.

चाळणी:
आधी फ्री स्वेल (माती मोकळी किती फुगते ती चाचणी) करून घ्या, स्वस्त आहे. ओव्हनमध्ये वाळवून 425 मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेली 10 ग्रॅम माती पाण्यात, तेवढीच रॉकेलमध्ये (त्यात ती फुगत नाही), 24 तास. रॉकेलमध्ये 10 मिली आणि पाण्यात 18 भरली, तर फुगवटा 80 टक्के. 50 च्या वर गेली की जपून. हवेचे बुडबुडे ढवळून काढायला विसरतात आणि आकडा चुकतो. यातून फुगण्याचा दाब मात्र कळत नाही, ती चाचणी वेगळी.

मृगधारा:
कोरड्या प्रदेशातल्या शहरांत घर झाल्यावर खालची वाफ अडते, त्यात बागेचं पाणी, गळकी पाइप, म्हणून घराखालच्या मातीत ओल साचते. फरशी मधोमध घुमटासारखी वर येते. आपल्याकडे पावसाळा-उन्हाळा कडांना हलवतो, म्हणून कोपरे आधी तडकतात. भोवती दीड मीटर प्लिंथ प्रोटेक्शन (जोत्याला लागून पक्का पट्टा), उतार बाहेर. शोषखड्डा लांब.

बावडेकर:
आणि कंपाउंड?

ओळंबा:
तीच आधी फाटते, कारण तिचा पाया कुणी खोल नेत नाही. दहा फुटांवर कॉलम मुरमापर्यंत, वर बीम, बीमखाली तीन इंच मोकळं, माती फुगायला. बाहेरून शहाबादीचे तुकडे उभे लावा, नाहीतर माती घुसून ती फट बुजते.