मिनी डीव्ही कॅमेऱ्यात चित्रावर चौकोनी पट्टे येतात आणि कॅसेटचा कप्पा अडतो; घरच्या घरी काय तपासावे?

गोदाकाठ (इंदिरानगर, नाशिक) :

नमस्कार. आमच्याकडे २००२ साली घेतलेला मिनी डीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर चित्रित करणारा, कॅमेरा आहे. त्यावर चित्रित केलेल्या कॅसेटी आजवर पंचवटीतल्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात पडून होत्या. त्यांत २००३ च्या सिंहस्थातील रामकुंडावरचे चित्रीकरण आहे, शिवाय त्या वर्षी घरी उतरलेल्या पाहुण्यांशी गप्पा मारणारी आमची आजी आहे, जिचा आवाज दुसरीकडे कुठेही जपलेला नाही. २०२७ च्या सिंहस्थाआधी हे सगळे संगणकावर उतरवून घ्यावे, अशी घरच्यांची इच्छा आहे.

कॅमेरा अडॅप्टरवर सुरू होतो आणि लेन्समधून चित्रही व्यवस्थित दिसते. मात्र कॅसेट लावली की चित्रात आडवे पट्टे दिसतात, म्हणजे एक पट्टा स्वच्छ आणि त्याखालचा बारीक चौकोनांनी भरलेला, असे वरपासून खालपर्यंत. आवाजही तुटत राहतो. पावसाळा सुरू झाल्यापासून कधीकधी पडद्यावर ओलाव्याची सूचना येऊन कॅमेरा काहीच करत नाही, तर कधी कॅसेटचा कप्पा अर्ध्यावर अडतो. महात्मा गांधी रस्त्यावर चौकशी केली तेव्हा असले कॅमेरे आता कोणी दुरुस्तीला घेत नाही, एवढेच उत्तर मिळाले. कॅसेटींना धक्का न लावता घरी काय करता येईल?

रीळवाला :

नमस्कार. आपण पट्ट्यांचे जे वर्णन केले आहे त्यावरून बरेच कळते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. या कॅमेऱ्यात टेप ज्या धातूच्या ड्रमला वळसा घालून जाते, तो ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेतो आणि त्यावर समोरासमोर दोन हेड, म्हणजे टेपवर लिहिणारे व वाचणारे बारीक भाग, बसवलेले असतात. आपल्याकडच्या टीव्ही चित्राच्या पाल पद्धतीत चित्राच्या एका चौकटीची माहिती टेपवर १२ तिरप्या रेघांत लिहिलेली असते आणि त्या रेघा दोन्ही हेड आळीपाळीने वाचतात. एका हेडवर धूळ किंवा टेपचा सुटलेला मुलामा बसला, की एकाआड एक रेघ वाचलीच जात नाही, आणि पडद्यावर नेमके आपण सांगता तसे दिसते. टेप खराब झाली असती तर चौकोन कुठेही, कसेही उमटले असते.

लेन्समधून चित्र नीट दिसते ही चांगली गोष्ट असली, तरी तिच्यावरून टेपच्या भागाबद्दल काहीच कळत नाही. त्यासाठी एखादी टाकाऊ कॅसेट घ्या, तिच्यावर मिनिटभर काहीही चित्रित करा आणि तेच लावून पाहा. त्यातही पट्टे असतील तर हेड मळलेले आहे असे समजून पुढे चला. आजीची कॅसेट तोवर डब्यातून बाहेरही काढू नका.

सफाईसाठी आधी कोरडी क्लीनिंग कॅसेट वापरावी. ती फक्त दहाएक सेकंद चालवायची आणि रिवाइंड करायची नाही, कारण तिची टेप खरखरीत असते आणि वारंवार चालवल्यास हेडच झिजते. तिने भागले नाही तर मोबाइल दुरुस्तीचे सामान विकणाऱ्यांकडे मिळणारे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणावे. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. अडॅप्टर व बॅटरी काढून, कप्पा उघडा ठेवून, चष्मा पुसायच्या मऊ कापडाची घडी अल्कोहोलने जेमतेम ओली करावी आणि ड्रमच्या बाजूला अलगद टेकवून स्थिर धरावी. दुसऱ्या हाताच्या बोटाने ड्रमची फक्त वरची कड धरून तो सावकाश फिरवावा. हलायला हवा तो ड्रम, कापड नव्हे. कापड वरखाली घासले तर केसाएवढे हेड तुटते आणि मग कॅमेरा शोभेला ठेवण्यापुरताच उरतो. कानात घालायच्या कापसाच्या काड्या ड्रमजवळ नेऊच नयेत, कारण त्यांचे तंतू हेडमध्ये अडकतात. नंतर अर्धा तास सगळे वाळू द्यावे.

सातपूरकर :

रीळवाल्यांनी हेडचे सविस्तर सांगितले आहे, मी ओलावा आणि कप्प्याबद्दल लिहितो. ड्रमवर दव धरले असेल तर ओली टेप त्याला चिकटून बसू नये, यासाठी कॅमेऱ्यातला संवेदक सगळे काम थांबवतो; त्यामुळे ती सूचना आली की कॅमेऱ्यावर चिडू नये. सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हीच सूचना ‘सी:२१’ अशी येते, ‘सी:२२’ म्हणजे हेड मळलेले, आणि ‘सी:३१’ किंवा ‘सी:३२’ आल्यास दोष यंत्रणेत असतो. कॅसेट बाहेर निघत असल्यास ती काढावी, बॅटरी काढून कप्पा उघडा ठेवावा आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवावा. हेअर ड्रायर वापरू नये. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण तांदळाची भुकटी त्या यंत्रणेत गेली तर ओलाव्यापेक्षा ती जास्त छळेल.

कप्पा अडतो त्याचे कारण पुष्कळदा कमी वीज असते, म्हणून अर्धमेल्या बॅटरीवर प्रयत्न न करता अडॅप्टर लावावा. बाहेरचे झाकण बंद करण्याआधी आतल्या कप्प्यावर जिथे दाबण्याची खूण केलेली असते तिथेच दाबावे आणि कप्पा आपोआप आत जाईपर्यंत बाहेरच्या झाकणाला हात लावू नये. इतके करूनही अडत असेल तर आतले वंगण घट्ट झाले असावे. ते काम घरचे नाही. तशा वेळी खटपट सोडून जुन्या बाजारातून त्याच प्रकारचा चालू कॅमेरा घ्यावा.

गोदाकाठ :

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. टाकाऊ कॅसेटवर चित्रित करून पाहिले, त्यातही तसेच पट्टे आले, तेव्हा हेडची शंका खरी दिसते. सिलिका जेलच्या डब्यात ठेवल्यावर ओलाव्याची सूचना थांबली आहे. कॅसेटी खिडकीशी नेऊन पाहिल्या, तेव्हा काहींवर ‘एलपी, ९० मि.’ असे वडिलांच्या अक्षरात लिहिलेले आढळले, आणि एकीच्या काचेतून टेपच्या कडेला पांढरट भुकटीसारखे काहीतरी दिसते. यांचे काय करावे?

रीळवाला :

पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. ती कॅसेट कॅमेऱ्यात मुळीच लावू नका, कारण बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पुढेमागे हे काम नेहमी करणाऱ्याकडे द्या.

‘एलपी’मुळे (लाँग प्ले) मात्र दुसरा कॅमेरा घेण्याचा सल्ला मला पटत नाही. त्या पद्धतीत टेप सावकाश चालते, म्हणून ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटे मावतात, पण रेघा अरुंद होतात. ज्या कॅमेऱ्याने त्या लिहिल्या त्याच्या हेडची जुळणी उन्नीस-बीस असली तरी तो स्वतःचे लिहिलेले वाचतो, परका कॅमेरा तिथे अडखळतो. आपला कॅमेरा बाकी धडधाकट आहे, तेव्हा आधी याचीच सफाई करा.

सफाईनंतर टाकाऊ कॅसेट स्वच्छ दिसू लागली, की बाकीच्यांपैकी प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि मग रिवाइंड करा, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून बसलेली टेप मोकळी होईल. त्यानंतरच प्ले करा आणि पहिल्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या. आधी नुसते पाहून मग उतरवू, असे करू नका, कारण हेड पुन्हा केव्हा मळेल याचा नेम नाही.

सातपूरकर :

एलपीचा मुद्दा मान्य आहे. उतरवण्यासाठी कॅमेऱ्याच्या यूएसबीवर विसंबू नका, त्या काळच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत ती फक्त फोटोंसाठी किंवा हलक्या दर्जाच्या चित्रासाठी असे. फायरवायर या संगणकाला जोडण्याच्या जुन्या केबलची जागा, जिला काही कॅमेऱ्यांवर ‘आय-लिंक’ किंवा नुसते ‘डीव्ही’ लिहिलेले असते, तिच्यातून टेपवरची माहिती जशीच्या तशी येते. नव्या लॅपटॉपला ती सोय नसते, परंतु जुन्या डेस्कटॉपमध्ये फायरवायरचे कार्ड बसवता येते. तासाभराच्या चित्रीकरणाला सुमारे १३ जीबी जागा लागते आणि वेळही तासभरच लागतो. केबल लावताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद ठेवा आणि संगणकाकडचे टोक उलटे बसत नाही ना, हे उजेडात नीट पाहून घ्या. उलटे रेटले तर कॅमेऱ्याचे पोर्ट जळते.