मदत हवी: नव्या भिंतींना तडे, सोमवारी पुट्टी लावू द्यायची का?

पाथर्डीफाटा
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ घराचं बांधकाम चालू आहे. भिंतींना तडे गेलेत. ठेकेदार म्हणतो, "केसाएवढे आहेत, पुट्टीत बुजून जातील, सगळ्यांच्याच घरी असतात." पुट्टीवाला सोमवारी येतोय, दिवाळीच्या आत वास्तुशांत आहे, पाहुण्यांना सांगून झालंय. हो की नाही एवढंच सांगा, भाषणं नकोत.

ओळंबा
कसली भिंत? लाल वीट, राखेची वीट, ब्लॉक? तडे उभे की आडवे? प्लास्टर कधी झालं? डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय, गोळी सांगा" म्हणण्यातला प्रकार आहे हा.

पाथर्डीफाटा
एएसी ब्लॉक, ते हलके, सच्छिद्र सिमेंटचे. आरसीसी फ्रेम, ती काय सांगायची गोष्ट आहे का. कॉलमला लागून उभी सरळ रेघ, बीमखाली आडवी. शिवाय हॉलच्या एका भिंतीवर जाळ्यासारखे बारीक. प्लास्टर गणपती झाल्यावर लगेच केलं. आर्किटेक्टनं पर्यावरणपूरक म्हणून एएसी घ्यायला लावले, आता तो म्हणतो ठेकेदाराला विचारा.

गोदाकाठ
लाल वीट ती लाल वीट! पेशव्यांचा सरकारवाडा काय असल्या सिपोरेक्स ब्लॉकांवर उभा आहे? पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती हातभर रुंद, उन्हाळ्यात पंखा लागत नाही. तुम्ही लोक पेपर वाचून घरं बांधता.

मुरूममाती
गोदाकाठ, हातभर भिंत बांधायला आज जागा कुणाकडे आहे? आणि लाल विटेसाठी शेतातली वरची चांगली माती जाते, भट्टीला कोळसा लागतो, ते कोण बघणार? माझं मत विचाराल तर दाबून केलेल्या मातीच्या विटा. भाजायच्याच नाहीत. पुद्दुचेरीजवळच्या ऑरोव्हिलला ५ टक्के सिमेंट घातलेल्या अशा विटांवर चार मजली इमारत उभी आहे.

ओळंबा
घर बांधून झालंय त्यांचं. आणि पाथर्डीची काळी माती त्या विटांना चालते का? पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते. मुरूम बाहेरून आणा, मग ट्रकचं डिझेल धरा हिशोबात.

मुरूममाती
मुरूम मिसळूनच करतात. पाया खणताना निघतो तोच वापरायचा. असो.

एकलहरे_राख
एवढ्या जवळ एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र असताना राखेच्या विटा का नाही घेतल्या? एएसीमध्येही राखच असते म्हणा. राख, चुना, सिमेंट, जिप्सम आणि चिमूटभर अ‍ॅल्युमिनियम पावडर. त्या पावडरीमुळे हायड्रोजनचे बुडबुडे होतात आणि माल केकसारखा वर येतो. पण नंतर तो वाफेच्या दाबाखाली शिजवायला बॉयलर लागतो, हे पर्यावरणवाले सांगत नाहीत.

पाथर्डीफाटा
मंडळी, सोमवार!!

साइटवरचा_सिव्हिल
पुट्टी थांबवा. आधी उत्तरं द्या. ब्लॉक साइटवर कधी आले, झाकून ठेवले होते का? कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी मारली का? बीमखालची फट लगेच भरली का? प्लास्टरचं प्रमाण काय, जाडी किती?

पाथर्डीफाटा
जुलैत आले. ताडपत्री घालणं ठेकेदाराचं काम, दोन-तीनदा मी स्वतः बोललो त्याला. जाळी फक्त लाइटच्या पाइपांवर दिसली. फट त्याच दिवशी भरली, "एका दमात काम" म्हणून तो खूश होता. प्लास्टर "मजबूत" म्हणून एकास तीन, म्हणजे एक सिमेंटला तीन वाळू, जाडी पाऊण इंच, एकाच हातात. वर गवंड्यानं प्लास्टरच्या आधी नळीनं भिंत न्हाऊ घातली.

साइटवरचा_सिव्हिल
मग कोडं उरलंच नाही. एएसी स्पंजसारखा पाणी धरतो आणि वाळताना आकसतो. भारतीय मानक २१८५ भाग ३ मध्ये पहिल्या ग्रेडला वाळतानाचं आकसणं ०.०५ टक्क्यांपर्यंत चालतं. चार मीटरच्या भिंतीला ते दोन मिलीमीटर झालं. कॉलम जागचा हलत नाही, म्हणून सांधा उघडतो. एकास तीनचा माल तर स्वतःच जोरात आकसतो, हॉलमधले जाळ्यासारखे तडे बहुधा त्याचे. या ब्लॉकवर एकास सहा, बारा-पंधरा मिलीमीटर पुरे. पाणी फक्त शिंपडायचं, आधी पातळ माल फेकून खरखरीत थर द्यायचा. एक करा: उरलेला एखादा ब्लॉक काट्यावर ठेवा.

पाथर्डीफाटा
सहा इंची ब्लॉक, किराणावाल्याच्या काट्यावर साडेपंधरा किलो.

साइटवरचा_सिव्हिल
६०० बाय २०० बाय १५० मिलीमीटर. घनमीटरला ६५० किलो घनतेनं धरलं तरी कोरडा ब्लॉक पावणेबारा किलोच्या आत हवा. म्हणजे एका ब्लॉकमध्ये तीन-चार लिटर पाणी.

ओळंबा
बाहेर पडलेला ब्लॉक आणि भिंतीतला ब्लॉक एक नाही. भिंत ऑक्टोबरच्या उन्हात बरीच वाळली असेल. पण पुट्टी थांबवा, इथे माझं दुमत नाही.

टेरेसवाला
टेरेसला ब्रिकबॅट कोबा करून घ्या, केमिकलच्या नादी लागू नका.

पाथर्डीफाटा
टेरेसचं कुणी विचारलं?

गोदाकाठ
गवंडी कुठले आहेत? सिंहस्थाच्या कामांवर चांगले हात सगळे तिकडे गेलेत. शिकाऊ पोरं थापी धरतात हल्ली.

ओळंबा
हॉलची भिंत रुपयाच्या नाण्यानं ठोकत जा. पोकळ आवाज आला तेवढा भाग खडूनं आखा, ते प्लास्टर काढायचंच. बाकीच्या तड्यांच्या टोकाला पेन्सिलीनं आडवी खूण आणि तारीख. पुढे सरकले तर भिंत अजून वाळतेय. थांबले की सांधा इंग्रजी व्ही आकारात कोरा, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच प्लास्टर काढून जाळी, मग पॉलिमर घातलेला माल. बीमखालीही तसंच. तडा तिरका, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला असेल किंवा बीम-कॉलममध्येच असेल तर मात्र स्ट्रक्चरलवाल्याला बोलवा.

पाथर्डीफाटा
तिरका एकही नाही. हॉलमध्ये कमरेच्या खाली दारापर्यंत पोकळ वाजतंय. वास्तुशांतीचं काय?

गोदाकाठ
वास्तुशांतीला पुट्टी लागते असं कुठल्या गुरुजींनी सांगितलं? बिनरंगाच्या घरात करा.

पाथर्डीफाटा
आई पण तेच म्हणाली. पुट्टीवाल्याला नको म्हणून कळवलं. ठेकेदार जाळीला तयार झालाय, पण "वेगळे पैसे पडतील" म्हणतो. जाळी कुठली आणायची? त्याच्याकडे साधी लोखंडी पडून आहे.

साइटवरचा_सिव्हिल
पैशाचं आधी करारात बघा, प्लास्टरच्या दरात जाळी धरलेली असते बऱ्याचदा. साधी लोखंडी आणू देऊ नका, गंजते आणि तपकिरी डाग रंगातून वर येतात. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) किंवा फायबरची घ्या. खिळ्यांनी घट्ट बसवायला सांगा, नुसती मालात चिकटवू देऊ नका.