घरावर सोलर की मंडळाची वीजच बरी? (इंदूर, बजेट 80 हजार)

लोकमान्यनगरकर: दुमजली घर, गच्ची मोकळी. उन्हाळ्यात 350 युनिट, थंडीत 130. दुपारी लाईट गेली की आईचे हाल होतात. बजेट 80 हजार, वर एक रुपया नाही. घ्यावं का?

सुदामानगरी_भिया: सरळ 5 किलोवॉट टाक. मी पावणेतीन लाखांत टाकलं. तीन एसी चालतात, बिल नावापुरतं.

लोकमान्यनगरकर: भिया, 80 हजार.

सुदामानगरी_भिया: लोन मिळतं ना!

जिरावण: बसवणारा नीट पाहा. आमच्याकडे पॅनल जिन्याच्या खोलीच्या सावलीत लावून गेला. तीन वाजले की वीज अर्धी. आता फोन उचलत नाही.

निवृत्त_लाईनवाला: साधं ऑनग्रिड सोलर, म्हणजे बॅटरीशिवाय मंडळाच्या लाईनीला जोडलेलं, लाईट गेली की स्वतःही बंद पडतं, ऊन कितीही असो. नाहीतर तुमच्या गच्चीची वीज उलटी लाईनीत जाईल आणि खांबावर चढलेला पोरगा मरेल. पंखा हवाच असेल तर बॅटरी वेगळी. केंद्राच्या सूर्यघर योजनेत 2 किलोवॉटला 60 हजार सबसिडी, 3 ला 78 हजार. पुढे 10 लावा तरी 78च. आणि सबसिडी मागाहून खात्यात येते, आधी पैसे तुमचे.

सुदामानगरी_भिया: आमच्याकडे लाईट जातच नाही.

रामबागची_वहिनी: थंडीत 130 ना? आपल्या मध्यप्रदेशात 150 च्या आत राहिलं तर पहिल्या 100 युनिटला 100 रुपयेच. त्या महिन्यांत सोलर वाचवणार काय? बारा महिन्यांची बिलं काढून बसा. 1 किलोवॉट दिवसाला चारेक युनिट देतं, पावसाळ्यात कमी.

कोळसाप्रेमी: रात्री सूर्य असतो का? खंडव्याचं 2520 मेगावॉटचं सिंगाजी कोळसा वीजकेंद्र बंद करून दाखवा.

जिरावण: बंद करा कोण म्हणतंय? नेट मीटरवाला दिवसा जास्तीची वीज लाईनीत देतो आणि रात्री सिंगाजीचीच वीज घेतो. आपल्या महापालिकेने 2023 मध्ये 244 कोटींचे बाँड काढले ते जलूदला नर्मदेचे पंप चालवायच्या सोलरसाठीच. नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत चढवायचं बिल काय कमी येतं?

कोळसाप्रेमी: मग पाणीपट्टी कमी झाली का?

निवृत्त_लाईनवाला: धागा पाणीपट्टीचा नाही. 3 किलोवॉट आणि एक बॅटरी घ्या.

रामबागची_वहिनी: मीही तेच म्हणते, 3 घ्या. बिलं बघूनच.

सुदामानगरी_भिया: 5.

लोकमान्यनगरकर: बिलं काढली. सात महिने 150 च्या आत. पण खरा अडथळा आई. पॅनल लावले तर कुरडया-पापड कुठे वाळवायचे म्हणते. उंच स्ट्रक्चरचे वेगळे पैसे सांगतात. तेव्हा सोलर नाही. इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी घेतली, उरलेल्यातून जुना फ्रीज बदलला.

सुदामानगरी_भिया: फ्रीज??