‘क्लायमेट रिस्क’ला मराठीत काय म्हणायचं? जोखीम, धोका की झळ?

विचारणारी, मिहान

मंडळी, मदत हवी आहे. मी नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत कंप्लायन्सचं, म्हणजे नियम पाळले जातात का हे बघायचं काम करते. वरून तीस पानी धोरण आलं आहे, क्लायमेट रिस्क आणि ऑफिसचं कार्बन कमी करण्याबद्दल. त्याचं मराठी करून गेटवरच्या सुरक्षारक्षकांपासून ड्रायव्हरांपर्यंत सगळ्यांना समजावायचं आणि सह्या घ्यायच्या. घाईत मशीनकडून भाषांतर करून घेतलं. पहिलंच वाक्य आलं : ‘कार्यालयातील उत्सर्जन कमी करणे ही प्रत्येक कर्मचाऱ्याची जबाबदारी आहे.’ हाऊसकीपिंगच्या काकूंना वाचून दाखवलं. त्या दोन क्षण गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘म्हंजे बाथरूमले कमी जा म्हनते का?’

तेव्हापासून प्रत्येक शब्दाला अडखळते आहे. रिस्क, एमिशन, फूटप्रिंट, नेट झीरो. सुचवा.

निवृत्त शिक्षिका, रामदासपेठ

काकूंचं काही चुकलं नाही. शाळेच्या विज्ञानात ‘उत्सर्जन संस्था’ म्हटलं की मूत्रपिंड आलं. पिढ्यान् पिढ्या हा शब्द आपण त्याच धड्यात पाठ केला आहे. आणि श्रावणीच्या दिवशी याज्ञिकांच्या घरी ‘उत्सर्जन-उपाकर्म’ असतं, ते तिसरंच.

धातू सृज्. सर्जन, विसर्जन, उत्सर्जन ही सख्खी भावंडं. गणपतीचं करतो ते विसर्जन, धुरांड्याचं होतं ते उत्सर्जन. शब्द बरोबर आहे, पण एकटा सोडला की मूत्रपिंडाकडे पळतो. त्याला सोबत द्या : ‘धुराचं उत्सर्जन’, ‘हरितगृह वायूंचं उत्सर्जन’. सुरक्षारक्षकांसाठी सरळ ‘आपल्या ऑफिसमुळे हवेत जाणारा कार्बन’ लिहा. चार शब्द जास्त गेले तर जाऊ द्यात.

‘हवामान बदल’ की ‘वातावरण बदल’ हेही आताच ठरवून टाका. मंत्रालयात ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ आहे, म्हणून कागदोपत्री ‘वातावरणीय’ चालतं. पण आपल्याकडे वातावरण बदललं की सर्दी होते, नाहीतर पाहुणे उठून जातात. मी हवामान बदलच म्हणेन.

हिशेबनीस, धंतोली

रिस्कला ‘जोखीम’च. यावर मी थोडं लांब लिहिणार आहे, माफ करा.

‘धोका’ आणि ‘जोखीम’ एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण दोघांची क्रियापदं बघा. धोका असतो, संभवतो, टळतो. जोखीम मात्र आपण घेतो, उचलतो, पत्करतो, दुसऱ्याच्या गळ्यात टाकतो. धोक्याला मालक नसतो, जोखमीला असतो. व्युत्पत्तीचं सोडा, पण कानाला जोखणे आणि जोखीम शेजारी बसल्यासारखे वाटतात. जोखीम म्हटलं की तराजू आलाच. आमची आजी प्रवासाला निघताना म्हणायची, ‘अंगावर जोखीम ठेवू नको.’ म्हणजे दागिने काढून ठेव. गमवायला काही असेल तरच जोखीम.

आणि व्यापारात तर याचा सुंदर दाखला आहे : जोखमी हुंडी. हुंडी म्हणजे व्यापाऱ्यांची पैसे देण्याची चिठ्ठी. साधी हुंडी मुदतीला वटवायची म्हणजे वटवायची. जोखमी हुंडीत अट असे की माल ठिकाणावर सुखरूप पोचला तरच पैसे. जहाज बुडालं तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडाले. म्हणजे हुंडी आणि विमा एकाच कागदात. बुडालं तर कुणाचं बुडणार, हे जहाज हलायच्या आधी ठरलेलं.

आता तुमच्या धोरणाकडे या. कंपन्यांनी हवामानाबद्दलची आर्थिक माहिती कशी जाहीर करावी हे सांगणाऱ्या टीसीएफडी नावाच्या गटाच्या शिफारशी २०१७ साली आल्या, त्यांनी हवामानाच्या जोखमीचे दोन भाग केले. एक भौतिक : पूर, उष्णता, वादळ. दुसरा ‘ट्रान्झिशन’ : कायदे बदलतील, कोळशाची वीज महागेल, गिऱ्हाईक विचारायला लागेल. आपल्याकडे सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, २०२१ मध्ये बीआरएसआर (कंपनीने पर्यावरण आणि समाजाबद्दल द्यायचं प्रतिवेदन) आणलं आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना ते सक्तीचं केलं. तुमची कंपनी त्यांत नसेलही. पण तुमचं मोठं गिऱ्हाईक असेल, आणि ते तुम्हाला फॉर्म पाठवतं. तीस पानांचा उगम तिथे शोधा.

ट्रान्झिशनला कोशात ‘संक्रमण’ मिळेल. नागपुरात लिहू नका. इथे अर्धं गाव हिंदी पेपर वाचतं, आणि हिंदीत संक्रमण म्हणजे कोरोना. ‘स्थित्यंतराची जोखीम’ लिहा.

विचारणारी, मिहान

भाऊ, हे धोका-जोखीम अगदी पटलं. आमच्या जोखमींच्या रजिस्टरमध्ये पहिली ओळ आहे ‘अतिवृष्टी’. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, तो दाखला दिला आहे. पाऊस हा धोका. पण आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, सर्व्हर दुसऱ्या शहरात. कंपनीचं नुकसान : एक दिवस काम बंद. त्याच रात्री आमच्या एका ड्रायव्हरच्या घरात छातीएवढं पाणी होतं. त्याची जोखीम रजिस्टरमध्ये ‘कर्मचारी अनुपस्थिती, कमी’ अशी नोंदली आहे.

उष्णतेच्या ओळीत तर गंमतच होती. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, आठवतंय ना? हवामान खात्याने नंतर संवेदक बिघडल्याचं सांगितलं. आमच्याकडे कुणीतरी तो आकडा उत्साहाने भरून ठेवला होता. मी खोडला. खरे ४५ काय कमी आहेत?

कास्तकार, काटोल

राम राम. तुमी शहरातले लोकं कर्ब कमी करा म्हनून रायले, अन् आमाले कृषीवाले कर्ब वाढवा म्हनून रायले. माती परीक्षनाच्या कागदावर लिवून येते, सेंद्रिय कर्ब कमी, शेनखत टाका. कास्तकारानं आयकावं कोनाचं?

अन् रिस्क-फिस्क काय घेऊन बसल्या बाई. नवतप्यात दुपारी बाहीर निंघालं का तोंडावर येते ते झळ. संत्र्याचे भाव पडले का मंग बी आमी म्हनतो झळ बसली. शब्द एकच हाये. तुमच्या सायबाच्या एसीत झळ पोचते कोठून?

निवृत्त शिक्षिका, रामदासपेठ

दादा, तुम्ही एका ओळीत माझं काम हलकं केलंत. कार्बनला ‘कर्ब’ हा आपला जुना शास्त्रीय शब्द. तो शहरातून गेला, शेतात राहिला, आणि तिथे चांगल्या अर्थाने राहिला. मातीत कर्ब हवा, हवेत नको. तत्त्व एकच आहे, जागा वेगळी. तरीही ऑफिसच्या कागदात ‘कार्बन’ लिहावं असं आता मला वाटतं. ज्यांची घरं शेतीवर आहेत अशा रक्षकांना ‘कर्ब घटवा’ म्हणणं म्हणजे उलटा निरोप.

आणि ‘झळ’ घ्याच. धोका बाहेर असतो, जोखीम वहीत असते, झळ अंगाला लागते. मराठीत हे तीन वेगळे शब्द आहेत, मग एकात का कोंबायचे?

एसी मेकॅनिक, इतवारी

मी भाषेचा माणूस नाही, पण दोन गोष्टी ऐकून ठेवा, नाहीतर तुमच्या कागदात घोळ होणार.

पहिली ‘टन’. दीड टनाचा एसी म्हणजे दीड टन कार्बन सोडतो असं समजणारी शिकलेली माणसं मला भेटली आहेत. एसीचा टन हा बर्फाचा आहे. एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी काढायची ताकद, तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं माप). कार्बनचा टन वजनाचा. पोस्टरवर दोन्ही आले तर एकाला ‘हजार किलो’ लिहा.

दुसरी गॅस. सगळे विजेबद्दल बोलतात, गळतीबद्दल कुणी नाही. एसीत भरतात त्या आर-४१०ए चा एक किलो गॅस हवेत गेला की तो सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा. आर-३२ असेल तर ६७५ च्या आसपास. दर उन्हाळ्यात ‘गॅस भरून द्या’ म्हणून फोन येतो. मी विचारतो, मागच्या वर्षी भरलेला कुठे गेला? जोड न शोधता पुन्हा भरणारे आमच्याच धंद्यात आहेत, खोटं कशाला सांगू.

हिशेबनीस, धंतोली

मेकॅनिक भाऊंचा मुद्दा हिशेबात मांडतो. आपल्या देशातल्या ग्रिडची एक युनिट वीज म्हणजे अंदाजे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एक किलो आर-४१०ए निसटला की जवळपास तीन हजार युनिट वीज जाळल्यासारखं. आणि ती वीज लांबून येत नाही, कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची धुरांडी आपण रोज पाहतो. जनरेटरचं एक लिटर डिझेल : साधारण २.७ किलो.

हे तिन्ही आकडे एकाच खात्यात जात नाहीत आणि तिथेच ‘स्कोप’चा, म्हणजे कार्बन कुठून सुटला याच्या तीन गटांचा, घोटाळा होतो. स्कोप १, २, ३ ला कुणी ‘व्याप्ती’ म्हणतं, कुणी ‘कक्षा’. दोन्ही ऐकून काही कळत नाही. मी आमच्या ऑफिसात असं सांगतो : घरचा, विकतचा, साखळीचा. घरचा म्हणजे आपण स्वतः जाळलेला किंवा सांडलेला : जनरेटर, कंपनीची गाडी, एसीचा गॅस. विकतचा म्हणजे बिल भरून आणलेली वीज. साखळीचा म्हणजे बाकी सगळं : कर्मचाऱ्यांची ये-जा, मुंबईची विमानं, कागद, लॅपटॉप, कचरा. ऑफिसवाल्या कंपन्यांत साखळीचा बहुधा सगळ्यांत मोठा निघतो आणि सगळ्यांत उशिरा मोजला जातो.

विचारणारी, मिहान

घरचा-विकतचा-साखळीचा उचलते आहे, विचारत नाही. फूटप्रिंट?

निवृत्त शिक्षिका, रामदासपेठ

‘कार्बन पाऊलखूण’ मला कधीच रुचलं नाही. आपल्याकडे पाऊलखुणा शोधायच्या असतात, जपायच्या असतात. गौरी येतात तेव्हा आपण रांगोळीने पावलं काढतो, पुसत नाही. ‘पाऊलखूण पुसा’ म्हटलं की मराठी मन कचरतं. ‘ठसा’ही उमटवायचा असतो, तो कर्तबगारीचा. ‘कार्बनचा हिशेब’ म्हणा, धंतोलीकरांना बरं वाटेल.

हिशेबनीस, धंतोली

बरं वाटलं. पण ‘नेट झीरो’ला तुम्ही ‘निव्वळ शून्य’ म्हणणार असाल तर माझी हरकत आहे. ‘निव्वळ मूर्खपणा’, ‘निव्वळ थापा’ यांच्या रांगेत ‘निव्वळ शून्य’ बसतं. कंपनीने यंदा काय केलं? निव्वळ शून्य.

निवृत्त शिक्षिका, रामदासपेठ

हसले मनापासून. पण तुम्हीच ‘निव्वळ नफा’ रोज लिहिता की! निव्वळ हे निवळचं जोरदार रूप, आणि निवळ म्हणजे निर्मळ. गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून घालायचे, गाळ खाली बसायचा, वर राहील ते निवळ. वजा करून उरलेलं, हाच तर नेटचा अर्थ. पर्याय ‘नक्त’ आहे, बँकवाले ‘नक्त मूल्य’ लिहितात, पण आमच्या पिढीला नक्त म्हटलं की रात्री एकवेळ जेवायचं व्रत आठवतं.

हिशेबनीस, धंतोली

व्रत चालेल, निदान काहीतरी सोडावं लागतं. माझा प्रस्ताव : ‘सोडला तेवढा शोषला’. भारताने २०२१ मध्ये ग्लासगोला २०७० चं वचन दिलं ते हेच. ‘ऑफसेट’ला, म्हणजे इथे सोडलेला कार्बन दुसरीकडे भरून काढण्याला, आमच्याकडे तयार शब्द आहे, ‘वळतं करणे’. कर्जाचा हप्ता पगारातून वळता करतात, तसं. आणि झाडं लावल्याचा फोटो काढून विजेचं बिल वळतं केलं तर त्यालाही शब्द आहे : हिरवी धूळफेक.

एसी मेकॅनिक, इतवारी

एक विचारू? धोरणात ‘अनुकूलन’ असं काही असतं का? आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘वातानुकूलन’ आहे म्हणून विचारतो.

विचारणारी, मिहान

असतं, आणि तोच तर माझा पुढचा प्रश्न होता. मिटिगेशनला ‘शमन’, अडॅप्टेशनला ‘अनुकूलन’ असं रूढ आहे. तुमच्या पाटीत हवेला आपल्याजोगी करायची, माझ्या कागदात आपण हवेजोगं व्हायचं. आणि तुमचं वातानुकूलन जितकं जास्त, तितकं माझं अनुकूलन अवघड. मी हे दोन शब्द टाळून ‘कमी सोडणे’ आणि ‘तोंड द्यायची तयारी’ असं लिहिलं आहे. तयारीखाली गेटवर सावली, माठ, आणि दुपारी १२ ते ४ उन्हातली ड्यूटी आळीपाळीने. कमी सोडण्याखाली एसी २४ वर. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. साहेबांच्या केबिनचा १८ अजून १८ च आहे.

आता निकाल सांगते. रजिस्टरचा तक्ता मी तीन रकान्यांचा केला : धोका काय, जोखीम कुणाची, झळ कुणाला. पहिल्या ओळीत अतिवृष्टी. जोखीम, कंपनीची, एक दिवस. झळ, ड्रायव्हर आणि हाऊसकीपिंग, घरं. हेड ऑफिसचा फोन आला की मूळ इंग्रजी तक्त्यात तिसरा रकाना नाही, तो काढा. मी म्हटलं, मराठीत तीन शब्द आहेत, रकाने तीनच होतात. ‘बघू’ म्हणाले आहेत.

काकूंना नवं पहिलं वाक्य वाचून दाखवलं : ‘आपल्या ऑफिसमुळे हवेत जाणारा कार्बन आपण सगळ्यांनी मिळून कमी करायचा.’ त्या म्हणाल्या, ‘मंग त्या केबिनमधला एसी मी जाताना बंद करू का? मागच्या टायमाले रागावले होते.’ याचं उत्तर धोरणात नव्हतं, ते आता घातलं आहे.

एकच शब्द अडकलाय. निसटणाऱ्या गॅसला इंग्रजीत ‘फ्युजिटिव्ह’ म्हणतात. मशीनने ‘फरारी’ दिलं आहे. मी ‘निसटता गॅस’ केलं, मेकॅनिक भाऊ फोनवर ‘गळका’ म्हणाले, पण गळका नळ असतो, गॅस नव्हे. सोमवारी छपाईला जातंय, त्याआधी कुणाला काही सुचलं तर लिहा.

कास्तकार, काटोल

‘उडालेला’ लिवा. पेट्रोल उडते, पैसा उडते, गॅस बी उडते.