बोट दाखवणं म्हणजे फक्त मागणं नव्हे

ताई, 'बाळ बोट दाखवतं म्हणजे त्याला काहीतरी हवंच असतं' हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. साधारण वर्षाच्या आसपास येणाऱ्या या बोटाचे दोन हेतू बालभाषेच्या अभ्यासक एलिझाबेथ बेट्स आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्येच वेगळे केले होते: एक 'दे', दुसरा 'बघ'.

यावलला माझी भाची लेकराला घेऊन ओट्यावर बसते. केळीचा ट्रक गेला की पोरगं बोट करतं आणि लगेच मान वळवून आईच्या तोंडाकडे बघतं. (ट्रक थोडाच हवाय त्याला!) "हो रे, केयीचा ट्रक!" म्हटलं की बोट खाली. ती मोबाइलमध्ये गुंतलेली असली, तर बोट तसंच ताठ, वर "उं उं" चालूच.

तुमचं बाळ असं वळून बघतं का?