मेथोट्रेक्सेट: गोळीवरून इंजेक्शनवर जाताना डोस तोच ठेवायचा का?

वडील, वय ५८, सोरायसिस (त्वचेचा आजार), राहणार नाशिकरोड. १२ आठवड्यांपासून त्यासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी १५ मिग्रॅ, आठवड्यातून एकदाच, रविवारी (रोज नाही!). सोमवारी फॉलिक ॲसिड ५ मिग्रॅ. चट्टे बरेच उतरलेत, पण सोमवारभर मळमळ. रात्री जेवणानंतर घेऊन पाहिलं, १२-१२ तासांनी तीन भागांत विभागूनही, फरक नाही.

सीबीसी (रक्तपेशी), क्रिएटिनिन (किडनी), एसजीपीटी (लिव्हर) नॉर्मल. सुरुवातीलाच छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी-सी तपासून झालंय. दारू नाही, पेनकिलर बंद. बीपी असल्यामुळे डॉक्टर सायक्लोस्पोरिन (सोरायसिसवरचं दुसरं औषध) टाळतायत. मेथोट्रेक्सेटचंच त्वचेखालचं इंजेक्शन सुचवलंय. पुढची भेट पंधरा दिवसांनी, तिथे नेमकं विचारायचंय.

इंजेक्शनवर जाताना १५ मिग्रॅच ठेवतात का? रक्त-लिव्हर तपासणी पुन्हा किती आठवड्यांनी? आणि प्रीफिल्ड (औषध आधीच भरलेली) सिरिंज नाशिकरोड-द्वारका भागात कुठल्या मेडिकलमध्ये नियमित मिळते?